.३५७ मॅग्नमच्या चेंबरमध्ये .३८ स्पेशल: आखूड काडतुसाने नेम किती बिघडतो?

अमेरिकेत राहणारा एखादा मराठी माणूस नेमबाजीची आवड म्हणून पहिली रिव्हॉल्व्हर घ्यायला जातो, तेव्हा दुकानात त्याला बहुतेक वेळा सांगितले जाते की .३५७ मॅग्नमची घ्या, कारण तिच्यात .३८ स्पेशलची काडतुसेही चालतात, ती स्वस्त पडतात आणि हाताला धक्काही कमी देतात. पुढे रेंजवर शेजारच्या लेनमधला कोणी जाणता नेमबाज त्याला दुसरीच गोष्ट ऐकवतो, की आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमधल्या काडतूस बसण्याच्या छिद्रात, झाडले की गोळीला नळीत शिरण्याआधी मोकळ्या जागेतून उडी घ्यावी लागते आणि त्यामुळे नेम बिघडतो. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. दुसऱ्या बोलण्यातले तथ्य नेमके किती मोठे आहे, हे मात्र तोंडी वादातून कळत नाही. त्यासाठी काही मापे घ्यावी लागतात आणि कागदी लक्ष्यावर शांतपणे चाचणी करावी लागते. ती मापे कोणती आणि चाचणी कशी करावी, हे नवख्या नेमबाजासाठी पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: कोणते काडतूस कोणत्या चेंबरचे, हे पक्के करणे

.३८ स्पेशल हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्मिथ अँड वेसन कंपनीने आणलेले काडतूस आहे, तर .३५७ मॅग्नम १९३५ साली त्याच कंपनीच्या नव्या रिव्हॉल्व्हरबरोबर बाजारात आले. नावांतील आकड्यांमुळे नवख्याचा गोंधळ होतो, पण दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळजवळ एकच, म्हणजे .३५७ ते .३५८ इंच किंवा सुमारे ९.१ मिलिमीटर असतो. खरा फरक पितळी पुंगळीच्या लांबीत आहे. स्पेशलची पुंगळी २९.३४ मिलिमीटर लांब असते आणि मॅग्नमची ३२.७७ मिलिमीटर. हा ३.४३ मिलिमीटरचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. मॅग्नमचा दाब प्रति चौरस इंच ३५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, स्पेशलची मर्यादा १७,००० पौंड आहे. नवे जोरदार काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या.३८ रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये म्हणून त्याची पुंगळी लांब केली गेली.

म्हणून हा रस्ता एकेरी आहे. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल झाडता येते, .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ कधीही झाडू नये. लांबीमुळे ते बसणारच नाही, अशा भरवशावर कोणी राहू नये, कारण कोल्टच्या १८९२ च्या लष्करी नमुन्यासारख्या काही जुन्या रिव्हॉल्व्हरांची चेंबरे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ एकाच व्यासाची आहेत आणि त्यांत मॅग्नमचे काडतूस आत जाऊ शकते. ते झाडल्यास रिव्हॉल्व्हर फुटण्याचा धोका असतो.

भारतातून आलेल्या वाचकासाठी येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत अनेक दशके दिसत आलेली वेब्ली बनावटीची .३८ रिव्हॉल्व्हर ही .३८ स्पेशलची नाही. तिचे काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू या वेगळ्या जातीचे, लांबीने आखूड आणि व्यासाने किंचित जाड असते. ते .३५७ च्या चेंबरसाठी नाही. काडतुसाच्या बुडावर कोरलेले नाव आणि नळीवर कोरलेले नाव, ही दोन्ही वाचूनच काडतूस आत घालावे.

आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये मुळात चालते कसे, हा प्रश्न येथे पडायला हवा. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती कड सिलिंडरच्या मागच्या पृष्ठभागावर टेकते. त्यामुळे पुंगळी पुढे कितीही आखूड असली तरी प्राइमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टिकली, ठराविक जागीच राहतो आणि घोड्याचा आघात त्यावर नीट बसतो. आपोआप भरणाऱ्या बहुतेक पिस्तुलांत काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकलेले असते, म्हणून तेथे अशी मुभा नसते.

दुसरी पायरी: गोळीचा प्रवास समजून घेणे

हा भाग सावकाश वाचावा, कारण नेम बिघडण्याबद्दलची बहुतेक मते येथेच तपासून घेता येतात.

सिलिंडरमधील प्रत्येक छिद्राचे दोन भाग असतात. मागचा, थोडा रुंद भाग पुंगळीसाठी असतो; पुढचा, अरुंद भाग गोळीच्या व्यासाचा असतो आणि त्याला थ्रोट म्हणतात. थ्रोटमधून बाहेर पडल्यावर गोळी सिलिंडर आणि नळी यांच्यामधली बारीक फट ओलांडते. ही फट साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. त्यापुढे नळीच्या मुखाशी फोर्सिंग कोन नावाचा नरसाळ्यासारखा भाग असतो. तो गोळीला मध्यावर आणतो आणि मग नळीतल्या पीळदार खाचा, म्हणजे रायफलिंग, तिला फिरकी देतात.

.३५७ च्या छिद्रात .३५७ चेच काडतूस असेल, तर पुंगळीचे तोंड थ्रोटच्या अगदी जवळ असते. .३८ स्पेशल असेल, तर पुंगळीच्या तोंडापासून थ्रोटपर्यंत सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबीचा एक पट्टा मोकळा राहतो. या पट्ट्याचा व्यास पुंगळीच्या मापाचा, म्हणजे साधारण ९.६ मिलिमीटर असतो, आणि गोळी ९.१ मिलिमीटरची. म्हणजे तेथे गोळीभोवती चहूबाजूंनी सुमारे पाव मिलिमीटर जागा सुटते. गोळी या जागेत तिरकी झाली, तर ती थ्रोटमध्ये तिरकीच शिरेल, तिची एक बाजू घासली जाईल आणि नळीबाहेर पडताना तिचा तोल बिघडलेला असेल. दारूचा तप्त वायू गोळीच्या कडेने पुढे निसटून मऊ शिशाचा पृष्ठभाग वितळवू शकतो, हेही खरे आहे. नेम बिघडतो असे म्हणणाऱ्यांचे हेच म्हणणे असते आणि ते निराधार नाही.

पण गोळी त्या पट्ट्यात खरोखर मोकळी असते का, हे मोजून पाहावे. १५८ ग्रेन वजनाची नेहमीची गोळी सुमारे १८ मिलिमीटर लांब असते. .३८ स्पेशलच्या भरलेल्या काडतुसाची कमाल लांबी ३९.४ मिलिमीटर ठरलेली आहे. त्यातून पुंगळीचे २९.३ मिलिमीटर वजा केले, तर गोळी सुमारे १० मिलिमीटर बाहेर आणि सुमारे ८ मिलिमीटर पुंगळीच्या आत असते. गोळी पुढे सरकू लागली की साडेतीन मिलिमीटर गेल्यावर तिचा पूर्ण व्यासाचा भाग थ्रोटमध्ये शिरू लागतो आणि त्या क्षणी तिचे बूड अजून साडेचार मिलिमीटर पुंगळीतच असते. म्हणजे मागचा आधार सुटण्याआधीच पुढचा आधार मिळालेला असतो. नदी ओलांडताना पुढच्या दगडावर पाय घट्ट टेकल्यावरच मागचा उचलावा, तसा हा प्रवास आहे.

यातून एक साधा नियम हाती येतो: गोळी पुंगळीत जितकी खोल बसलेली आहे, ती खोली मोकळ्या पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त असेल, तर उडीचा परिणाम थोडा असतो, ती कमी असेल, तर काळजीचे कारण आहे.

हा नियम दुसऱ्या जोड्यांना लावून पाहिला की तो अधिक स्पष्ट होतो. .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल झाडताना फरक सव्वातीन मिलिमीटरांच्या आसपास असतो आणि तेथेही गोळीला आधार मिळतो. याउलट भारतात परवानाधारकांकडे दिसणारी, कानपूरला बनणारी .३२ रिव्हॉल्व्हर .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची असते. त्या काडतुसाची पुंगळी २३.४ मिलिमीटर लांब असते, तर .३२ एस अँड डब्ल्यू या मूळ आखूड काडतुसाची फक्त १५.४ मिलिमीटर. लांब चेंबरमध्ये हे आखूड काडतूस घातले, तर ८ मिलिमीटरचा पट्टा मोकळा राहतो आणि ती छोटी गोळी पुंगळीत त्याच्या निम्मीच खोल बसलेली असते. मागचा दगड सुटलेला आणि पुढचा अजून लांब, अशी तिची स्थिती होते. याहून टोकाचे उदाहरण .४५ कोल्ट आणि .४१० शॉटगन ही दोन्ही काडतुसे झाडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांचे आहे. शॉटगनच्या काडतुसासाठी त्यांची चेंबरे अडीच किंवा तीन इंचांची केलेली असतात आणि .४५ कोल्टची पुंगळी जेमतेम ३२.६ मिलिमीटरची, त्यामुळे गोळीला तीस मिलिमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. लांब चेंबर वाईट, असा सरसकट शेरा ज्यांच्या अनुभवातून आला, त्यांनी कदाचित अशाच जोड्या वापरलेल्या असतील. तो शेरा .३८ आणि .३५७ च्या जोडीला जसाच्या तसा चिकटवणे माझ्या मते अन्यायाचे आहे.

तिसरी पायरी: योग्य गोळी निवडणे

कागदावर छिद्रे पाडण्यासाठी .३८ स्पेशलमधील सर्वांत नावाजलेली गोळी म्हणजे १४८ ग्रेनची वॉडकटर. ती नळकांड्यासारखी सपाट तोंडाची असते आणि जवळजवळ संपूर्ण पुंगळीच्या आत, तोंडाशी समतल बसवलेली असते. तिला वरचा नियम लावला, तर उत्तर आणखी दिलासादायक येते, कारण सुमारे १६ मिलिमीटर लांबीची ही गोळी साडेतीन मिलिमीटर सरकून थ्रोटमध्ये शिरते तेव्हा तिचा बहुतेक भाग अजून पुंगळीतच असतो. तिच्या एका प्रकारात बूड आतून पोकळ असते. वायूच्या दाबाने त्या पोकळीची पातळ कड बाहेर फुगते, थ्रोट भरून काढते आणि वायू निसटू देत नाही. ही गोळी ताशी नव्हे तर सेकंदाला अवघ्या २१६ मीटरांच्या आसपासच्या सौम्य वेगासाठी बनवलेली असते. पोकळ बुडाची गोळी जोरदार दारूने कधीही पिटाळू नये. तिची कड तुटून नळीत अडकू शकते आणि मागून येणारी पुढची गोळी त्यावर आदळू शकते.

मऊ शिशाच्या साध्या गोळ्यांवर मोकळ्या पट्ट्याचा परिणाम जास्त दिसतो, तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्यांवर तो कमी दिसतो. नवख्याने सुरुवातीला दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी घेऊन पाहावी आणि एकदम हजार काडतुसांचा साठा करू नये.

येथे एक बाजू सहसा सांगितली जात नाही. हलक्या दारूचे काडतूस हवे असेल, तर .३५७ ची लांब पुंगळी ही काही आपोआप चांगली निवड ठरत नाही. लांब पुंगळीत थोडीशी दारू घातली की आत रिकामी जागा जास्त उरते, दारू कधी पुढे तर कधी प्राइमरजवळ पडलेली असते आणि त्यानुसार गोळीचा वेग प्रत्येक वेळी थोडा बदलतो. आखूड पुंगळीत ही रिकामी जागा कमी असते. म्हणजे उडी वाचवण्यासाठी लांब पुंगळी घेतली, तरी वेगातील चढउताराने त्या फायद्याचा काही भाग परत जाऊ शकतो.

चौथी पायरी: आपल्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर तपासणे

पुंगळीच्या लांबीपेक्षा थ्रोटचा व्यास नेमावर अधिक परिणाम करतो, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणेन. रिव्हॉल्व्हर रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मग .३५८ इंच व्यासाची सुटी शिशाची गोळी प्रत्येक थ्रोटमध्ये पुढच्या बाजूने घालून पेन्सिलने हलकेच ढकलावी. थोडा जोर लावल्यावर ती सरकली, तर माप ठीक आहे. ती आपोआप खाली पडली, तर थ्रोट सैल आहे आणि शिशाच्या गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती अजिबात सरकत नसेल, तर थ्रोट अरुंद आहे. सहाही छिद्रे एकसारखी वाटतात की एखादे वेगळे आहे, हे लिहून ठेवावे. एखादे छिद्र वेगळे निघाले, तर पुढे लक्ष्यावरचे कोडे तेथेच सुटते.

पाचवी पायरी: ग्रुप आणि आघातबिंदू यांत गल्लत न करणे

नेम बिघडला, या शब्दांनी नवखे लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. सहा गोळ्या एकमेकींपासून लांब पसरल्या, तर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, मोठा झाला. सहाही गोळ्या एकमेकींना चिकटून, पण लक्ष्याच्या मध्याच्या वर किंवा खाली लागल्या, तर ग्रुप उत्तम आहे आणि फक्त आघातबिंदू सरकला आहे.

.३८ आणि .३५७ आलटून पालटून झाडताना दुसरी गोष्ट हमखास घडते. १५८ ग्रेनची गोळी .३८ स्पेशलमधून सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने निघते आणि .३५७ मधून सुमारे ३७६ मीटर वेगाने. गोळी नळीत असतानाच धक्क्यामुळे नळी वर उचलली जाऊ लागते, म्हणून गोळी नळीत किती वेळ राहिली आणि तेवढ्या वेळात धक्का किती बसला, यावर ती कोणत्या उंचीवर लागेल हे ठरते. सामान्यतः जड आणि सावकाश गोळ्या वर लागतात, हलक्या आणि वेगवान गोळ्या खाली. हा पुंगळीच्या लांबीचा दोष नाही. मागची साइट, म्हणजे नेम धरण्याची खाच, फिरवता येत असेल, तर प्रत्येक काडतुसासाठी किती क्लिक लागतात ते वहीत नोंदवावे. साइट पक्की असेल, तर ज्या काडतुसाचा आघातबिंदू साइटशी जुळतो, तेच मुख्य काडतूस म्हणून निवडावे.

सहावी पायरी: लक्ष्यावरची चाचणी

चाचणी २५ यार्डांवर, म्हणजे सुमारे २३ मीटरवर, बसून आणि वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन करावी. त्याहून जवळ फरक दिसत नाही. पिशवी मनगट आणि मूठ यांच्याखाली असावी. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीजवळ बोटेही नकोत आणि पिशवीही नको, कारण तेथून तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण असल्याशिवाय पहिले काडतूसही घालू नये. प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढून, चापावर हलका दाब देऊन गोळी झाडावी.

सिलिंडरवर मार्करने एक ते सहा असे क्रमांक घालावेत. प्रत्येक काडतुसाचे सहा गोळ्यांचे किमान पाच ग्रुप घ्यावेत. तीन गोळ्यांच्या एका सुरेख ग्रुपवरून निष्कर्ष काढण्याचा मोह मोठा असतो, परंतु तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. सगळे .३८ आधी आणि सगळे .३५७ नंतर असेही करू नये, कारण उत्तरार्धात हात थकलेला असतो. एक ग्रुप याचा, एक त्याचा, असा क्रम ठेवावा आणि मधे दर वेळी चेंबरांतून ब्रश फिरवावा. प्रत्येक गोळी कोणत्या क्रमांकाच्या छिद्रातून गेली, हे दुर्बिणीतून पाहून कागदावर लिहावे. लक्ष्यावरच्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर हे त्या ग्रुपचे माप.

ही वही भरली की बरेचदा दिसते ते असे: क्रमांक चारच्या छिद्रातून गेलेली गोळी दर वेळी उजवीकडे जाते, मग काडतूस कोणतेही असो. एका छिद्राचा असा दोष दोन पुंगळ्यांच्या फरकापेक्षा मोठा असेल, तर लांबीचा वाद बाजूला ठेवून सिलिंडर बंदूकदुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे न्यावे.

या चाचणीचा अर्थ लावताना एक मर्यादा लक्षात ठेवावी. दुकानातले .३८ आणि दुकानातले .३५७ यांत लांबीबरोबर वेग, दारू आणि बहुधा गोळीही वेगळी असते. केवळ लांबीचा परिणाम पाहायचा असेल, तर एकच गोळी एकाच वेगाने दोन्ही पुंगळ्यांतून झाडावी लागेल, आणि ते काम हाताने काडतुसे भरण्यात मुरलेल्या माणसाचे आहे. नवख्याला त्याची गरज नाही. त्याचा प्रश्न आपल्या रिव्हॉल्व्हरला कोणते काडतूस मानवते एवढाच असतो.

शिवाय नवख्याच्या हातात सर्वांत मोठा फरक धातूमुळे पडत नाही. मॅग्नमचा आवाज आणि धक्का यांच्या धास्तीने चाप ओढण्याच्या क्षणी मनगट नकळत खाली दाबले जाते, आणि त्याने गोळी जितकी ढळते तितकी साडेतीन मिलिमीटरांच्या मोकळ्या पट्ट्याने ती ढळत नाही. हे पाहण्यासाठी सोबत्याला सिलिंडरमध्ये काही ठिकाणी रिकाम्या पुंगळ्या मिसळून द्यायला सांगावे. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडल्यावर नळीचे टोक खाली झुकले, तर उत्तर मिळाले. अशा नेमबाजाने पहिले काही महिने मनात काहीही किंतु न ठेवता .३८ स्पेशलच झाडावे. त्याचे ग्रुप लहानच होतील.

सातवी पायरी: चेंबरमधले कडे काढणे

.३८ स्पेशल सतत झाडल्यावर मोकळ्या पट्ट्याच्या सुरुवातीला, जेथे आखूड पुंगळीचे तोंड येते, तेथे काजळी आणि शिसे यांचे एक कडे जमते. शंभर-दोनशे काडतुसांनंतर ते नुसत्या डोळ्यांनीही दिसते. हे कडे साफ न करता .३५७ चे काडतूस घातले, तर ते पूर्ण आत बसत नाही किंवा झाडल्यावर पुंगळी अडकून बसते. अंगठ्याने दाबून ते आत बसवलेच, तर पुंगळीच्या तोंडाला गोळी सोडण्यासाठी फुलायला जागा उरत नाही आणि दाब नको तितका वाढतो. म्हणून वरची चाचणी सोडता एकाच दिवशी दोन्ही झाडायची असतील, तर .३५७ आधी आणि .३८ नंतर झाडावी, आणि घरी आल्यावर कांस्याच्या तारांचा, नळीच्या ब्रशपेक्षा एक माप मोठा ब्रश सफाईच्या द्रावणात बुडवून प्रत्येक छिद्रात वीस-पंचवीस वेळा फिरवावा. कडे गेले की नाही, हे पाहण्यासाठी .३५७ च्या नव्या, न भरलेल्या पुंगळ्या जवळ ठेवाव्यात. सिलिंडर उघडून, नळी वर आभाळाकडे नव्हे तर जमिनीकडे धरून, एकेक पुंगळी छिद्रात सोडावी. ती स्वतःच्या वजनाने कडेपर्यंत आत गेली, तर ते छिद्र स्वच्छ झाले, आणि शेवटच्या साडेतीन मिलिमीटरांवर अडली, तर त्या छिद्रात ब्रश पुन्हा फिरवावा.